व्ह्यू शिकायला वृत्त ओळखणारं ॲप करतोय : सूचना, शंका, शिव्या सगळं चालेल

रात्रपाळी

नमस्कार मंडळी. माझं काम बॅकएंडचं. जावा, डेटाबेस आणि अवेळी वाजणारे अलर्ट. जेक्वेरीचा जमाना गेल्यापासून ब्राउझरच्या बाजूला फिरकलो नव्हतो. आता शिकायचंच ठरवलं आणि व्ह्यू (वेबपानं बांधायचं जावास्क्रिप्टचं फ्रेमवर्क) हातात घेतलं.

शिकवण्या सगळ्या टूडू लिस्टवर अडकलेल्या. ती करून झाली, पण हाती काही लागलं नाही. एक यादी, एक बटण, एक चौकट, टिक केलं की रेघ मारायची. त्यात अडायला जागाच नाही, आणि अडल्याशिवाय फ्रेमवर्क कशासाठी आहे ते कळत नाही. म्हणून असा विषय शोधला जो मला व्ह्यूपेक्षा बरा कळतो. गझल लिहायचा नाद आहे (वाचायला कोणी मागू नये), आणि लगावली (ओळीतला लघु-गुरूंचा क्रम) अजून बोटांवर मोजतो. तर ॲप असं: ओळ टाइप करा, प्रत्येक अक्षरावर लघु की गुरु ते दिसेल, आणि खाली वृत्ताचं नाव येईल.

आतली रचना सोपी आहे. तीन अक्षरांचा गण, प्रत्येक जागी दोनच पर्याय, म्हणून गण ८. ‘यमाताराजभानसलगा’ शाळेत सगळ्यांनी घोकलंय. भुजंगप्रयात म्हणजे चार वेळा य, १२ अक्षरं. वसंततिलका त भ ज ज ग ग, १४. मंदाक्रांता १७, शार्दूलविक्रीडित १९, स्रग्धरा २१. ही यादी एका जेसन फाइलमध्ये. ओळीचा ल-ग क्रम काढायचा आणि यादीशी ताडायचा. तंतोतंत जुळला नाही तर जवळचं वृत्त दाखवायचं. इथे मजा येते, कारण इंद्रवज्रा आणि उपेंद्रवज्रा यांत फरक फक्त पहिल्या अक्षराचा. तेवढं एक गुरु सोडलं तर बाकीची १० अक्षरं सारखी. त्यामुळे ‘कुठलं अक्षर बदललं तर कुठलं वृत्त होईल’ हे दाखवता येतं.

चाचणीसाठी माझीच एक ओळ घेतो:

उन्हाळी दुपारी कुणी हाक मारी

भुजंगप्रयात आहे. म्हणून बघा. ॲप मात्र नाही म्हणतं.

कोड सगळा खुला ठेवणार आहे. तीन प्रश्न आहेत. व्ह्यू घेतलं ते बरोबर की रिॲक्ट घ्यायला हवं होतं? देवनागरी अक्षरं तोडायची नीट पद्धत कोणती? आणि ज्यांना वृत्तं कळतात पण कोड कळत नाही, त्यांना यात कसं ओढायचं?

---

अर्धविराम

छान कल्पना. पहिल्या प्रश्नापुरतं बोलतो. रिॲक्ट घ्या. २०१३ ला खुलं झालं, २०१९ च्या फेब्रुवारीत हुक्स आले आणि तेव्हापासून नोकरीच्या जाहिरातींत तेच. पुण्यात मुलाखती घेतो म्हणून सांगतो, रेझ्युमेवर व्ह्यू दिसलं की मॅनेजर विचारतो ‘मग रिॲक्ट येतं का?’ उलटं कोणी विचारत नाही. घरचा प्रकल्प करायचाच आहे तर पोटाला उपयोगी पडेल असा करावा.

---

कोकणकडा

मी उलट विचारतो. यात फ्रेमवर्क लागतंच कशाला? एक मजकुराची चौकट, एक फंक्शन, खाली निकाल. साध्या जावास्क्रिप्टची एक फाइल, एक एचटीएमएल, झालं. ना नोड, ना बिल्ड, ना ते नोड मॉड्यूल्सचं फोल्डर. पाच वर्षांनी उघडलं तरी चालेल.

अँग्युलरजेएस आठवतंय का कोणाला? २०१० पासून लोकांनी त्यात मोठमोठी सॉफ्टवेअरं बांधली. २०१६ ला अँग्युलर २ आलं ते वेगळंच प्रकरण, आणि २०२१ सरता सरता जुन्याचा आधारही संपला. आमच्याकडचं एक ॲप त्यात होतं. ते दुसरीकडे हलवायला जितका वेळ गेला त्यात मूळ ॲप दोनदा लिहून झालं असतं. ब्राउझर मात्र तेव्हाची साधी पानं आजही दाखवतो.

---

रात्रपाळी

कोकणकडा, ॲपला फ्रेमवर्क नको हे मान्य. मला हवंय, कारण शिकायचं मला आहे, ॲपला नाही. तरी तुमचं निम्मं ऐकलंय. अक्षरं तोडणं, लघु-गुरु ठरवणं, वृत्त जुळवणं हे सगळं साध्या जावास्क्रिप्टच्या फाइलींत आहे. त्यांत व्ह्यूचं नावसुद्धा नाही. त्यांच्या चाचण्या ब्राउझर न उघडता व्हीटेस्टमध्ये चालतात. उद्या अर्धविरामच्या मॅनेजरसाठी रिॲक्ट लावायचं झालं तर तोंडवळा बदलेल, पोट तेच राहील.

अर्धविराम, पोटाचं बरोबर आहे. पण एका फ्रेमवर्कमधली कल्पना नीट कळली की दुसऱ्यात फार वेळ लागू नये असा माझा होरा आहे. व्ह्यूचे रेफ (ज्यातली किंमत बदलली की पान आपोआप बदलतं अशा जागा), २०२३ मध्ये अँग्युलर १६ मध्ये आलेले सिग्नल्स, २०२४ च्या ऑक्टोबरात स्वेल्ट ५ ने आणलेले रून्स, सगळे एकाच घाटाकडे चाललेत. रिॲक्टच तेवढं वेगळ्या वाटेने जातं, तिथे अख्खं फंक्शन पुन्हा चालतं. तो फरक कळायला एक बाजू तरी आधी पक्की हवी.

---

थर्ड_इयर

रुमाल टाकून ठेवतो. कॉलेजात आम्हाला अजून फ्रेमसेट शिकवतात.

एक शंका. मी तुमच्यासारखंच काहीतरी करायला घेतलं होतं. मजकूर एका रेफमध्ये, अक्षरं दुसऱ्या, लगक्रम तिसऱ्या, आणि मजकुरावर वॉच (बदलावर नजर ठेवणारं फंक्शन) लावून तो बदलला की बाकीचे बदलायचे. चारपाच वॉच झाले आणि कोण कोणाला बदलतंय तेच कळेना. तुम्ही कसं केलंत?

---

रात्रपाळी

वॉच एकही नाही. रेफ एकच, वापरकर्त्याने टाइप केलेला मजकूर. बाकी सगळं कॉम्प्युटेड: मजकुरावरून अक्षरं, अक्षरांवरून लगक्रम, लगक्रमावरून वृत्त. एक्सेलमध्ये एका खान्यात आकडा आणि शेजारच्या तिन्ही खान्यांत सूत्रं, तसं. जे दुसऱ्या कशावरून काढता येतं ते साठवायचंच नाही.

बॅकएंडला हे आम्ही जन्मभर पाळतो, एकच गोष्ट दोन टेबलांत ठेवत नाही. फ्रंटएंडला आलं की माणसं का विसरतात कोण जाणे. कॉम्प्युटेडचा आणखी एक फायदा, तो उत्तर धरून ठेवतो. मजकूर बदलला नाही तर पुन्हा हिशोब करत नाही. वॉच लागतो तो बाहेर काही करायचं असेल तेव्हा. मसुदा लोकल स्टोरेजमध्ये टाकायला एक लावावा लागेल बहुतेक.

---

नुक्ताचीन

माझ्या आवडीचा विषय निघाला, त्यामुळे लांबण लागणार. प्रश्न २.

जावास्क्रिप्टला ‘उन्हाळी’ची लांबी विचारली तर ती ७ सांगते: उ, न, हलंताची खूण, ह, काना, ळ, वेलांटी. वृत्तासाठी अक्षरं ३. म्हणून स्ट्रिंग स्प्लिट करून काही होणार नाही. लोक सांगतील की इंटल सेगमेंटर वापरा, मजकूर अक्षरांत तोडणारा, ब्राउझरमध्ये आयता आहे. क्रोममध्ये २०२० पासून आहे, फायरफॉक्समध्ये मात्र २०२४ च्या एप्रिलमध्ये, १२५ व्या आवृत्तीत आला.

पण त्यात एक मेख आहे. सेगमेंटर युनिकोडच्या नियमांवर चालतो आणि ते नियम मध्येच बदलले. युनिकोड १५.१, सप्टेंबर २०२३, त्यात देवनागरी, बंगाली, गुजराती वगैरे लिप्यांसाठी नवा नियम आला की जोडाक्षर तोडू नये. त्याआधीच्या नियमांनी ‘उन्हाळी’चे तुकडे पडतात उ, न्, हा, ळी. नव्या नियमांनी उ, न्हा, ळी. म्हणजे तुमची ओळ जुन्या ब्राउझरमध्ये १३ अक्षरांची आणि नव्यात १२ ची. कोड तोच, फोन दोन, वृत्तं दोन. असल्या बगमागे माणूस रात्र रात्र घालवतो.

माझा सल्ला, स्वतःची रेग्युलर एक्स्प्रेशन लिहा. व्यंजन, हवा तर नुक्ता, मग हलंत आणि पुढचं व्यंजन कितीही वेळा, मग मात्रा, मग अनुस्वार किंवा विसर्ग. किंवा नुसता स्वर आणि त्यावर अनुस्वार. दोन ओळींत बसते. वृत्तांच्या बाबतीत कुठल्याही ब्राउझरपेक्षा तिच्यावर जास्त भरवसा ठेवता येईल.

दोन सापळे सांगून ठेवतो. पहिला ‘दुसऱ्या’. त्यातला अर्धा र दोन प्रकारे साठवला जातो. काही कळफलक खालच्या टिंबाचा ऱ वापरतात, मग कोडपॉइंट (युनिकोडचे सुटे घटक) ७. काही साधा र, हलंत आणि मध्ये एक अदृश्य जोडक घालतात, मग ८. डोळ्याला तसूभर फरक नाही. अदृश्य जोडक तुमच्या एक्स्प्रेशनमध्ये धरला नसेल तर शब्द तिथे तुटेल. दुसरा सापळा ‘ॲप’मधला ॲ. हा एकसंध अक्षर म्हणूनही येतो आणि अ वर अर्धचंद्र देऊनही. युनिकोडच्या लेखी हे दोन समान नाहीत, त्यामुळे नॉर्मलाइझ फंक्शन चालवलं तरी ते एक होत नाहीत. हाताने बदलून घ्यावे लागतात.

---

शेवंती

नुक्ताचीन यांनी नाव सार्थ केलं :)

---

गुरुजी_निवृत्त

मी संगणकातला माणूस नाही. ३ नंबरच्या प्रश्नात जे ‘ओढायचे’ लोक म्हटलेत त्यांपैकी एक. शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालो. मुलीने धागा दाखवला.

आपली ओळ निर्दोष आहे. ॲप नापास करतं त्याचं कारण वरच्या गृहस्थांनी सांगितलं त्याहून वेगळंही असू शकतं. आपण बहुधा असा नियम दिला असेल की जोडाक्षराच्या आधीचं अक्षर गुरु. नियम अर्धा आहे. आधीच्या अक्षरावर आघात आला तरच ते गुरु. ‘सत्य’, ‘पत्र’, ‘विद्या’ म्हणून पहा, पहिलं अक्षर दाबलं जातं. आता ‘उन्हाळी’, ‘तुम्ही’, ‘पुन्हा’, ‘कुऱ्हाड’ म्हणा. उ, तु, पु, कु कुठे दाबले जातात? ते लघुच राहतात. ‘दुसऱ्या’तला स तसाच. आपण ‘उ’ला गुरु धरलं असणार, म्हणून पहिलाच गण य ऐवजी म झाला आणि पुढे सगळं अडलं.

आता आपण म्हणाल, मग म्ह, न्ह, ऱ्ह, ऱ्य आले की आघात नाही असा नियम घालू. घाला, पण ‘चिन्ह’ आलं की पंचाईत. तिथे न्ह आहे आणि चि गुरु आहे. ‘मधल्या’त ल्य आहे, ध लघु. ‘कल्याण’मध्येही ल्य आहे, क मात्र गुरु. अक्षरं तीच आणि उच्चार निराळा. हे कान ठरवतो, लिपीत ते लिहिलेलं नसतं. यंत्राला कान कसे देणार ते आपण जाणा.

आणखी एक. चरणाचं शेवटचं अक्षर लघु असलं तरी म्हणताना लांबतं आणि गुरु धरतात. तेही पहावं.

---

रात्रपाळी

सर, अगदी बरोबर पकडलंत. ‘उ’च होता.

तुमच्या प्रतिसादावरून असं केलंय. आधी ढोबळ नियम: जोडाक्षराच्या आधी गुरु, मात्र म्ह, न्ह, ल्ह, ऱ्ह, ऱ्य असतील तर लघु. त्यावर अपवादांची यादी, साधी मजकुराची फाइल, एका ओळीत एक शब्द आणि त्याचा लगक्रम. ‘चिन्ह’ तिच्यात गेला. ‘-ल्या’, ‘-च्या’, ‘-झ्या’ने संपणारे शब्द, म्हणजे ‘मधल्या’, ‘घरच्या’, ‘तुझ्या’ हे वेगळ्या नियमाने लघु. ‘कल्याण’मध्ये ल्या शब्दाच्या शेवटी नाही, त्यामुळे ते सुटतं. चरणान्तासाठी एक टिकची खूण ठेवली, डीफॉल्ट चालू.

यातूनही जे निसटेल ते वापरकर्त्यावर. अक्षरावर टॅप केलं की लघुचं गुरु, गुरुचं लघु. हा बदल मजकुरावरून काढता येत नाही, त्यामुळे तो साठवावाच लागतो. म्हणजे आता रेफ दोन झाले, आणि लगक्रमाचा कॉम्प्युटेड दोघांवरून निघतो. व्ह्यू शिकायच्या दृष्टीने हाच भाग सगळ्यात कामाचा ठरला. टूडू लिस्टने असा पेच कधी घातला नसता.

---

कोकणकडा

तुमचा कोड उघडून पाहिला. फ्रेमवर्क नको हे मत कायम आहे, पण पोट खरंच वेगळं ठेवलंय, ते आवडलं.

एक बग घ्या. टॅप केलेलं अक्षर तुम्ही ओळीतल्या क्रमांकाने साठवता. ‘कुणी हाक मारी’ लिहून चौथ्या अक्षरावर, म्हणजे ‘क’वर टॅप केलं. मग ओळीच्या सुरुवातीला ‘दुपारी’ घातलं. चौथा नंबर आता ‘कु’चा, खूण तिथे गेली आणि ‘क’ पूर्ववत झाला. जिथे टॅप केलंच नाही ते अक्षर बदललेलं. व्ही-फॉरमध्ये (यादी दाखवायची व्ह्यूची सोय) की, म्हणजे प्रत्येक अक्षराची ओळख, म्हणूनही तोच क्रमांक दिलाय, त्यामुळे रंग बदलायचं ॲनिमेशनही भलत्याच अक्षरावर खेळतं. गंमत म्हणून पाहायला छान आहे.

---

रात्रपाळी

झकास पकडलाय. क्रमांक काढून टाकतो. शब्द, तो ओळीत कितव्यांदा आला आणि शब्दातलं कितवं अक्षर, असा तिहेरी पत्ता ठेवतो. शब्द हलला तरी खूण त्याच्याबरोबर जाईल, शब्दच बदलला तर खूण गळून पडेल, आणि तेच हवंय. व्ही-फॉरची कीसुद्धा त्याच पत्त्यावरून.

यातून वेगळंच काही सुचतंय. एकाच शब्दावर लोक पुन्हा पुन्हा टॅप करत असतील तर तो शब्द अपवादांच्या यादीत जायला हवा. ‘हा शब्द सुचवा’ असं बटण टाकतो.

---

शेवंती

मी डिझाइन करते, त्यामुळे डोळ्यांपुरतं.

१. लघु हिरवा, गुरु लाल? माझ्या भावाला त्या दोन रंगांतला फरक दिसत नाही, आणि असे पुरुष बरेच असतात. छंदशास्त्राने आयत्या खुणा दिल्यात, लघुला अर्धचंद्र, गुरुला आडवी रेघ. त्या द्या, रंग हवा तर जोडीला राहू दे.

२. अक्षरं सुटी दिसावीत म्हणून सीएसएसमध्ये लेटर-स्पेसिंग दिलंय ना? देवनागरीत ते देऊ नका. शिरोरेषा तुटते आणि शब्द दातपडका दिसतो. प्रत्येक अक्षराच्या चौकटीला खालून रेघ द्या, फट ठेवायची तर शब्दांमध्ये.

३. फॉन्ट मुक्ता लावा. मुंबईच्या एक टाइपचा आहे, खुल्या परवान्याचा. फॉन्ट फाइल तुमच्या रेपोत (कोड ठेवलाय त्या जागी) ठेवलीत तरी हरकत नाही, त्याच्या परवान्याची प्रत तेवढी सोबत असू द्या.

४. आणि हे महत्त्वाचं. माझ्या ॲन्ड्रॉइड फोनवर टाइप करताना काहीच हलत नाही. ‘उन्हाळी’ पूर्ण होऊन स्पेस दिली की एकदम तीन खुणा उगवतात. लॅपटॉपवर अक्षर टाकलं की लगेच. फोन जुना आहे म्हणून की काय?

---

नुक्ताचीन

फोन बिचारा निर्दोष आहे. हा व्ही-मॉडेलचा, म्हणजे चौकटीतला मजकूर रेफशी बांधणाऱ्या व्ह्यूच्या सोयीचा, स्वभाव.

मोबाइलचा कळफलक शब्द जुळवत असताना ब्राउझरला सांगतो की ‘कॉम्पोझिशन चालू आहे, हे अजून नक्की नाही’. चिनी, जपानी लिहिणाऱ्यांना अर्धवट शब्दावर शोध सुरू झालेला नको असतो, म्हणून व्ह्यूचं व्ही-मॉडेल कॉम्पोझिशन संपेपर्यंत रेफला हात लावत नाही. हे त्यांच्या दस्तऐवजात स्वच्छ लिहिलंय, आणि उपायही तिथेच आहे. व्ही-मॉडेल काढा, व्हॅल्यू स्वतः बांधा आणि इनपुट इव्हेंट स्वतः ऐका. ॲन्ड्रॉइडचे कळफलक इंग्रजी लिहितानासुद्धा कॉम्पोझिशन चालू ठेवतात, म्हणून हा प्रश्न फक्त मराठीचा नाही. पण मराठी ॲपात तो पहिल्या दिवशी भेटतो.

---

अर्धविराम

रिॲक्टमध्ये ऑनचेंज प्रत्येक इनपुटला येतो. नुसतं कानावर घालतो.

---

रात्रपाळी

घातलं. :)

शेवंतीताई, चारही केलं. व्ही-मॉडेल गेलं, फोनवर आता अक्षरागणिक खुणा येतात. या एका बगने व्ही-मॉडेल आत काय करतं ते कळलं. तोवर मी त्याला जादू समजून वापरत होतो.

---

अर्धविराम

थोडं वाकडं विचारतो, राग नसावा. हे सगळं एआयला सांगितलं असतं तर तासाभरात अख्खं ॲप आलं असतं, तेही रिॲक्टमध्ये. मग शिकायचं कशाला?

---

रात्रपाळी

सांगून पाहिलं होतं. ॲप आलं, दिसायलाही बरं होतं. जोडाक्षराच्या आधी गुरु हा नियम त्यानेही घातला, आणि ‘आघात’ शब्द मी उच्चारेपर्यंत त्याला तो आठवला नाही. सरांनी इथे चार ओळींत सांगितलं ते मला माहीत नसतं तर मी काय विचारणार होतो? बटणं, सीएसएस यांसाठी मी वापरतो, सोवळं नाही. लगक्रमाची फाइल मात्र हाताने लिहिलीय.

---

कोकणकडा

बाकी राहू द्या, रेपोत लायसन्स फाइल दिसत नाही. नुसतं सार्वजनिक ठेवलं म्हणजे मुक्त स्रोत होत नाही. परवाना नसेल तर कायद्याने सगळे हक्क तुमचेच राहतात. लोक पाहू शकतात, पण आपल्या कामात वापरायचं तर परवानगी मागावी लागते.

हे किरकोळ वाटतं, पण रिॲक्टची गोष्ट आठवा. २०१७ पर्यंत त्याच्या परवान्याला पेटंटचं एक शेपूट होतं. त्या वर्षी जुलैत अपाची फाउंडेशनने आपल्या प्रकल्पांना ते वापरायला मनाई केली, बराच गदारोळ झाला, आणि सप्टेंबरात फेसबुकने मुकाट्याने एमआयटी परवाना लावला. एवढ्या मोठ्या कंपनीला एका परिच्छेदासाठी माघार घ्यावी लागली.

तुम्हाला एमआयटी, म्हणजे जवळजवळ काहीही करायची मुभा देणारा परवाना, पुरेल. कोणी ॲप उचलून, बदलून, बंद करून विकू नये असं वाटत असेल तर एजीपीएल, जो बदललेला कोडही खुला ठेवायला लावतो. अपवादांच्या शब्दयादीला मात्र वेगळा परवाना द्या, सीसी शून्य, म्हणजे आपले हक्क सोडून देणं. ती उद्या दुसऱ्या कोणाच्या ॲपात, प्रबंधात, कुठेही वापरली गेली तर चांगलंच.

---

थर्ड_इयर

मी फोर्क करून (स्वतःची प्रत काढून) गिटहब पेजेसवर चढवलं. माझ्या मशीनवर मस्त चालतं, तिथे कोरं पांढरं पान. कन्सोलमध्ये जावास्क्रिप्टच्या फाइलीला ४०४. काय चुकतंय?

---

रात्रपाळी

काही चुकलं नाही, वीटला (ॲप बांधून देणारं साधन) पत्ता सांगायचा राहिलाय. तुमचं पान साइटच्या मुळाशी नाही, रेपोच्या नावाच्या उपफोल्डरात आहे. वीटच्या कॉन्फिगमध्ये बेस म्हणून ते नाव द्या, आधी आणि नंतर तिरकी रेघ. पुढे राउटर घातलात तर हॅश मोड ठेवा, नाहीतर आतल्या पानावर रीफ्रेश केलं की पुन्हा ४०४.

कोकणकडा, कोडला एमआयटी, यादीला सीसी शून्य. दोन्ही फाइली टाकल्या.

---

शेवंती

नाव काय ठेवणार? ‘वृत्तवाहिनी’ ठेवा. लोक बातम्या शोधत येतील आणि शार्दूलविक्रीडित शिकून जातील.

---

नुक्ताचीन

+१. तीन आठवड्यांत कोणीतरी पत्रकार परिषदेचं निमंत्रण पाठवेल.

---

गुरुजी_निवृत्त

मुलीच्या फोनवर आपलं ॲप पाहिलं. ‘उन्हाळी दुपारी’ला आता भुजंगप्रयात म्हणतं. आनंद वाटला. माझ्या जुन्या वहीतल्या काही ओळी घालून पाहिल्या. एके ठिकाणी त्याने माझीच चूक दाखवली. ती मी तपासली, ॲपचं बरोबर होतं.

दोन विचारणा. मात्रावृत्तं कधी? तिथे अक्षरं मोजायची नसतात, लघुची एक आणि गुरुच्या दोन मात्रा धरून बेरीज जुळवायची, त्यामुळे आपल्या यंत्राला ते सोपं जावं. दुसरं, मला शब्द सुचवायचे आहेत, पण तिथे खातं उघडा म्हणतं आणि इंग्रजीत काहीबाही विचारतं.

---

रात्रपाळी

सर, मात्रांची बेरीज आज रात्रीच होईल, लगक्रमावर आणखी एक कॉम्प्युटेड. कुठली जाती (म्हणजे मात्रावृत्त) ते ओळखायला मात्र यती, म्हणजे ओळीतला विराम, कुठे पडतो ते लागेल, ते तुमच्याकडून शिकावं लागणार.

खात्याच्या भानगडीत पडू नका. शब्द इथेच लिहा, मी यादीत चढवतो आणि नोंदीत तुमचं इथलं नाव घालतो. थर्ड_इयर, तुला पहिलं योगदान करायचं होतं ना? सरांचे शब्द फाइलीत घालून पुल रिक्वेस्ट (बदल घ्यायची विनंती) पाठव. प्रत्येक शब्दाला एक चाचणीही लिही.

---

थर्ड_इयर

पाठवतो! सर, टाका शब्द.

---

गुरुजी_निवृत्त

घ्या. तुम्हाला, तुम्ही, पुन्हा, कुऱ्हाड, उन्हात: पहिलं अक्षर लघु. हे आपल्या नियमात बसतात, तरी तपासून घ्यावेत. तुझ्या: तु लघु. घरातल्या: त लघु. चिन्ह: चि गुरु, हा आपण घेतलाच आहे. हल्ली: ह गुरु, इथे ल्ल आहे, ल्ह नव्हे, गल्लत करू नये. जन्म: ज गुरु.

‘कन्हैया’बद्दल माझं मत लघुकडे आहे, पण माझे एक सहकारी गुरु धरतात आणि आमचं भांडण शाळेत असल्यापासून चालू आहे. तो शब्द यादीत घालू नये. ज्याचा त्याने टॅप करून घ्यावा.